अण्णांच्या आवाजाचे तुकडे

बऱ्हाणपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मयूर,

अनेक आशीर्वाद. तू आणि गायत्री खुशाल असाल. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. थंडी यंदा चांगलीच पडली आहे. सकाळी तापीवरून असा वारा येतो की पहिल्या तासाला मुलं हात काखेत घालूनच बसतात आणि मी त्यांना वह्या काढा म्हणत नाही, कारण माझेही हात शालीत असतात. सोबत तिळगुळाची पुडी आहे. आईने केला आहे, तेव्हा दात सांभाळून खा.

आता कागदावर का लिहितेय ते सांगते. फोनवर आपण बोलायला लागलो की दुसऱ्या मिनिटाला भांडतो, आणि मेसेजला तू नुसतं 'ओके' करतोस. मला सगळं एका दमात सांगायचं आहे आणि मध्ये कोणी बोलायला नको आहे.

तर पहिली बातमी. मी कोड लिहायला शिकले. हसू नकोस. आमच्या शाळेचे कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेले, आणि प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, गणितवाल्यांना हे जमतं. मग मी व्हिडिओ बघून आधी स्वतः शिकले आणि दुसऱ्या दिवशी तेच आठवीला शिकवलं, असं वर्षभर चाललं. तुझे दाजी म्हणतात, तू धड्याच्या एक पान पुढे असतेस एवढंच. खरंच आहे ते.

अडलं की काय करायचं, हे व्हिडिओत सांगतात: इंटरनेटवर कोड लिहिणाऱ्यांची मोठी मंडळं असतात, तिथे प्रश्न टाकायचा. घरात एक इंजिनियर असताना मी सगळ्या जगाला विचारत बसले, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. त्याचं कारण पुढे येईल.

मी तिथे पहिला प्रश्न टाकला तो असा: 'सर्व आदरणीय सर आणि मॅडम यांना सविनय नमस्कार. आपण सहकुटुंब कुशल असाल अशी आशा करते. मी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर या शहरात शिक्षिका आहे.' सगळं इंग्रजीत, शाळेत रजेचा अर्ज शिकवतात त्या इंग्रजीत. मग माझं शिक्षण, मग आपलं गाव कुठे आहे ते, आणि सगळ्यात खाली प्रश्न. शेवटी आगाऊ आभार. चहा ठेवून आले तर कोणीतरी माझा नमस्कार खोडून टाकलेला. कुशलही खोडलेलं, आभारही खोडलेले. उरला होता फक्त प्रश्न, आणि तो बंद केला होता, कारण म्हणे नीट कळत नाही. वर दोघातिघांनी मार्क कापलेले. माझे मार्क, जी दर महिन्याला चाळीस पोरांचे कापते.

इतका संताप आला. आपल्याकडे चौकात पत्ता विचारणारासुद्धा आधी राम राम करतो. मी नमस्कार परत घातला, त्यांनी परत काढला. एकाने खाली लिहिलं, इथे त्याची गरज नसते, राग मानू नका, प्रश्न तेवढा नीट सांगा. मी दोन दिवस राग मानला आणि मग प्रश्न नीट सांगितला.

प्रश्न असा होता. माझ्याकडे एका माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे. तो जिथे जिथे थांबतो तिथे तिथे कापून मला शब्दांचे वेगळे तुकडे करायचे आहेत. त्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला, पण तो सगळं बोलणं एकाच तुकड्यात परत देतो. लहान थांबे कसे ओळखायचे?

उत्तरं आली. कोणी म्हणालं हा आकडा कमी कर, कोणी म्हणालं तो वाढव. सगळं करून पाहिलं. मग प्रोग्रॅम मधेच कुठेही कापायला लागला, 'पाणी'चा 'पा' एकीकडे आणि 'णी' दुसरीकडे. आणि मग एक जण आला, त्याचं तिथलं टोपणनाव 'भिजलेलं कुत्रं'. बाई आहे की बाप्या, कुठल्या देशाचा, काही कळत नाही. त्याने एकच विचारलं: तुम्हाला खरं काय करायचं आहे?

मी म्हटलं, सांगितलं की, थांबेल तिथे कापायचं आहे.

तो म्हणाला, ते तुम्ही शोधलेलं औषध झालं. मी दुखणं विचारतोय.

मी लिहिलं, एका ओळखीच्या माणसासाठी आहे. तो म्हणाला, कोण माणूस, आणि त्याला स्वतःच्या बोलण्याचे तुकडे कशाला हवेत? तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले होते, मधली सुट्टी होती, समोर डबा उघडा होता. मी सगळं लिहिलं. तुझ्या आधी मी ते एका भिजलेल्या कुत्र्याला सांगितलं याची मला लाज वाटते, पण अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं. आता तुला सांगते.

अण्णांचा आवाज गेला, मयूर. घशात गाठ होती, ऑगस्टमध्ये इंदूरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ पूर्ण निघाली आहे, डॉक्टर म्हणतात धोका टळला, ते त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा विचारलं. जेवण जातं, फिरतात, सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला भोक आहे, त्यातून श्वास घेतात, त्यावर आई सुती रुमाल बांधते. फक्त बोलता येत नाही, आणि पुन्हा येणार नाही. तुला कळवायचं नाही असं त्यांनी ऑपरेशनला जाण्याआधीच बजावलं होतं. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

बऱ्हाणपूरच्या केळी मंडीत ज्याचा आवाज फाटकाच्या बाहेर रिक्षावाल्यांना ऐकू यायचा, तो माणूस आता पाटीवर लिहितो. लिहिणं हळू, राग लवकर, तिसऱ्या शब्दाला पाटी आपटतात. गळ्याला लावायचं एक यंत्र आणलं होतं, त्यातून घरघर आवाज येतो. आई म्हणाली, मिक्सर लावल्यासारखं वाटतं, ते पेटीत गेलं. मग फोनवर एक ॲप घातलं, त्यात लिहिलं की एक बाई बोलते. अण्णांनी 'चहा' दाबलं आणि बाई म्हणाली, 'कृपया मला चहा द्या.' आई आतून ओरडली, 'कोन आलं व बाई?' अण्णांनी फोन पालथा ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही.

तेव्हा मी ठरवलं की त्यांच्याच आवाजाची बटणं करायची. जुन्या बोलण्यातले शब्द काढायचे, 'चहा झाला का', 'बैस', 'कुठी चालली', एकेका बटणावर एकेक. पण जुना आवाज आणायचा कुठून? त्यांचा जुना फोन ऑपरेशननंतर घरच्या पाण्याच्या हौदात पडला आणि त्याबरोबर सगळं गेलं. घरात स्पष्ट आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं. कोणतं, ते तुला कळलं असेल. तुझ्या लग्नाचं.

तुला ते सगळं पाठ आहे. पण मी ते कुत्र्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं तेव्हा मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं, म्हणून तसंच लिहिते. आमचे वडील केळीच्या लिलावात बोली पुकारायचे. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी ऑर्केस्ट्रावाल्याचा माइक घेतला आणि गंमत म्हणून नवरदेवाचाच लिलाव पुकारला. 'बोला पाव्हणे, बोला, माल घरचा हाये, जरा कच्चा हाये, पन पिकला म्हंजे गोड लागीन. बारावीले एक डाग पडला व्हता, तो बी गेला. बोला, कितीले घेता?' आमच्या बाजूची माणसं पोट धरून हसत होती, कारण मंडीतल्या प्रत्येक लग्नात हे होतं. मुलीकडची पुण्याची होती. त्यांना वाटलं, भर मांडवात हुंडा मागतोय. मुलीचे वडील ताटावरून उठले. भावाच्या ऑफिसातले सगळे बघत होते.

कुत्र्याने मधे थांबवून विचारलं, लिलाव पुकारताना ते थांबत का नाहीत? मी म्हटलं, थांबून कसं चालेल, पुकार थांबली की सौदा सुटला, तोच नियम आहे. चांगला पुकारणारा श्वास घेतो तोही शब्दाच्या आडून. आणि हे लिहिता लिहिता मला कळलं की माझा प्रोग्रॅम बरोबर होता. जे नाही ते त्याने दाखवलं नाही. अण्णा त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेही थांबतच नाहीत.

तरी मी हाताने थोडे तुकडे काढले होते. 'बसा', 'जेवून जा', 'पाणी आना रे'. आवाज त्यांचाच, एकदम खणखणीत. मी मोठ्या उत्साहाने बटणं करून त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी 'बसा' दाबलं, ऐकलं, आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून बाहेर गेले. मला वाटलं, तुकडा नीट कापला गेला नाही, मागे ढोलाचा आवाज राहिला म्हणून आवडला नसेल. म्हणून तर मी त्या मंडळाकडे गेले होते, आणखी नीट कापायला शिकायला.

कुत्र्याने लिहिलं: मला वाटतं कापण्यात काही चूक नाही. ते कोणत्या दिवसाचं बोलणं आहे हे त्यांनी ओळखलं.

मी डबा तसाच बंद केला. दुपारचा तास घेतला, पण काय शिकवलं आठवत नाही. एवढं साधं मला कळलं नव्हतं. जे बोलून घरातला मुलगा गेला, त्याच बोलण्यातून कापलेला 'बसा' कोण वापरेल?

संध्याकाळी त्याचं पुढचं वाक्य आलं होतं. दुसरं रेकॉर्डिंग शोधा, आणि मशीनने कापू नका, तुम्ही त्यांना ओळखता, हाताने कापा. ते सगळ्यात जास्त कोणाशी बोलायचे?

याचं उत्तर मला पाठ होतं, आणि तेच मी इतके महिने टाळत होते. लग्नानंतर अण्णा रोज दुपारी मंडीतून सुटले की ओट्यावर बसून तुला आवाजाचा मेसेज पाठवायचे. तू कधी उत्तर दिलं नाहीस. पण त्या छोट्या माइकच्या चित्राचा रंग निळा झाला की समोरच्याने ऐकलं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. निळा होईपर्यंत ते फोन हातातून ठेवायचे नाहीत. मग मला दाखवायचे, आणि जेवायला बसायचे. एकही मेसेज पांढरा राहिला नाही, मयूर. तू सगळे ऐकलेस. ऑगस्टमध्ये ते अचानक थांबले तेव्हा तुला काय वाटलं, हे मला ठाऊक नाही. म्हातारा शेवटी रुसला, असं वाटलं असेल.

तर माझा प्रश्न हा. ते मेसेज तुझ्याकडे आहेत का? असले तर मला दे. त्यांच्या आवाजाचं दुसरं काही आता जगात कुठे नाही. बरेचसे रागावण्याचे असतील, चालेल, त्यांना रागवायलाही शब्द लागतातच. काढून टाकले असतील तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही. वेगळी वाट शोधू.

प्रश्न नीट विचारला की उत्तर येतं, हे मी आता शिकले आहे. नमस्कार मात्र तू खोडू नकोस.

तुझी,
ताई


बऱ्हाणपूर,
२२ जानेवारी

प्रिय मयूर,

रविवारचं पत्र अजून तुझ्या हातात पडलंही नसेल, पण एक गोष्ट त्यात लिहायची राहिली, म्हणजे मी टाळली. ती लिहिल्याशिवाय झोप नाही.

मांडवाच्या मागे, भांडी घासत होते तिथे, तू अण्णांना म्हणाला होतास की मला तुमचा आवाज पुन्हा ऐकायचा नाही. मी तिथे होते. अण्णांनी ते आम्हाला कधी सांगितलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. पण माझं पत्र वाचून तुझ्या डोक्यात पहिली तीच गोष्ट येणार, हे मला माहीत आहे, कारण लहानपणी मांजर मेलं तरी तू कोपऱ्यात जाऊन स्वतःला दोष द्यायचास. तर ऐक. हे तंबाखूने झालं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, वर्षं विचारली, आणि पुढचं सांगायची गरज उरली नाही. तुझ्या बोलण्याने कोणाच्या घशात काही झालेलं नाही. रागात माणूस बोलतो. अण्णांनी तर राग नसतानाही काय काय बोलून ठेवलंय.

आणि तू रागावलास ते चूक होतं, असंही मी म्हणणार नाही. गायत्रीच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो.

बस. आता तू काहीही उत्तर दे, मी ऐकेन.

तुझी,
ताई


बऱ्हाणपूर,
रविवार, २ मार्च

प्रिय मयूर,

अनेक आशीर्वाद, गायत्रीलाही. तिच्या आईवडिलांना आमचा नमस्कार सांग.

तुझा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. तू ना हॅलो म्हणालास ना काही, एकदम विचारलंस, 'कोणत्या फॉरमॅटमध्ये हवंय?' मी सांगितलं. तू म्हणालास, 'ठीक.' आपण पहिल्यांदाच न भांडता फोन ठेवला. नंतर मला हसू आलं. तुमच्या सगळ्या मंडळाची हीच रीत दिसते, नमस्कार खोडायचा आणि काम करून द्यायचं.

संध्याकाळी लिंक आली. बरोबर एक शब्द नाही. उघडून बघते तर सगळे मेसेज, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येकाला तारखेचं नाव दिलेलं, वर्षावर्षाचं वेगळं फोल्डर. मी खूप वेळ ती नावंच बघत बसले. ही नावं काही त्या दिवशी दिलेली नव्हती.

मग कापायला बसलो, मी आणि आई. दर रविवारी दुपारी गच्चीवर, दाजींनी एक टेबल आणून दिलं. कानात हेडफोन घातला की आईला वाटतं समोरचाही बहिरा झाला, ती ओरडूनच बोलते. 'हे घे, हे घे, इथं चहा म्हने!' शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायांना आता आपल्या घरातलं सगळं माहीत आहे. मशीन लावलंच नाही. कुठे कापायचं ते आईला बरोबर कळतं. 'थांब, इथं तो सुपारी फिरवते तोंडात, हे नको घेऊ.'

तू ऐकलेलंच आहेस सगळं, पण आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. मला वाटलं होतं रागावण्याचे असतील. त्यात राग जवळपास नाहीच. केळीला भाव काय मिळाला, धूलकोटला कोणाकडे लग्न आहे, तापीला पाणी किती आलं, पुण्यात पाऊस आहे का, स्वेटर घाल, जेवला का, चहा झाला का. आई मधेच हेडफोन काढून म्हणाली, 'मले म्हने, मयूरचं नाव काढू नको घरात. अन् हा मानूस बाहेर बसून रोज एवढं बोले.' मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा ओरडायला लागली.

बटणं झाली. साधी दिसतात, रंग आईने निवडले आहेत. ज्या दिवशी अण्णांना दिली त्या दिवशी आधी प्रत्येक बटण मी दोनदा दाबून पाहिलं, कारण एकदा त्यांनी फोन परत केलेला मला विसरता येत नव्हता. त्यांनी आधी दुरून बघितलं. मग 'चहा झाला का' दाबलं. आवाज घरभर गेला. आई आतून म्हणाली, 'ठेवला, ठेवला, वरडू नका.' मग तिच्या ध्यानात आलं. हातात चिमटा घेऊन तशीच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मी रडले, लपवत नाही. अण्णांनी तेच बटण पुन्हा दाबलं, या वेळी आईकडे बघून, आणि हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

मग त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, 'कुठून आनलं?'

मी म्हटलं, 'मयूरने दिलं.'

त्यांनी पाटी पुसली. पुन्हा लिहायला बराच वेळ घेतला. 'त्यानं ठेवलं व्हतं?'

मी म्हटलं, 'सगळं. तारीखवार.' त्यांनी ती पाटी पुसली नाही. जेवताना शेजारी ठेवली होती.

आता रोजची गंमत सांगते. गेल्या सोमवारी ते मंडीत गेले, एकटे, रिक्षाने. लिलाव संपल्यावर चुडामणकाकांच्या आडतीच्या दुकानात बसले आणि 'राम राम' दाबलं. काका सांगत होते, पाठ करून उभे असलेले चार जण एकदम वळले. दिवसभर लोक येऊन बटणं दाबून बघत होते. आता अण्णांना लिलावाची पुकार हवी आहे बटणावर. मी म्हटलं, ती एकच आहे आपल्याकडे, लग्नातली. त्यांनी मान हलवली, नको. मग पाटीवर लिहिलं, पुकारायला समाधानला शिकवतो. समाधान म्हणजे त्यांच्या हाताखालचा. शिकवायला 'गलत', 'फिरसे' आणि 'शाबास' अशी तीन बटणं लागली. 'शाबास' तुझ्या प्रमोशनच्या दिवसाचं आहे. तुझं प्रमोशन झालं हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

भिजलेल्या कुत्र्याला मी सगळं कळवलं. माझ्या प्रश्नाखाली माझंच उत्तर लिहिलं, की प्रोग्रॅम नको होता, भाऊ हवा होता. ते विषयाला सोडून आहे म्हणून कोणीतरी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. पण त्याआधी कुत्र्याने वाचलं होतं. त्याने विचारलं, आता काही अडतंय का?

अडतंय. पण ते मी तिथे टाकलं नाही, तुला विचारते.

तुझ्या लक्षात आलं असेल, की अण्णांचा प्रत्येक मेसेज त्याच दोन शब्दांनी सुरू होतो. 'मयूर, आयक.' घाईत असले तरी, तोंडात तंबाखू असली तरी, वादळात खकनारकडच्या बागा आडव्या झाल्या त्या दिवशीही. चहा, पाणी, जेवण, या सगळ्यांचे मिळून जेवढे तुकडे निघाले त्याहून जास्त एकट्या तुझ्या नावाचे निघाले. मी ते बाजूला ठेवले होते, घरात त्याचं काम काय म्हणून. अण्णांनी ते बघितले आणि पाटीवर लिहिलं, 'हे बी पाह्यजे.' मग कानाला फोन लावून एक दुपारभर सगळे ऐकले. मला वाटलं, मंडीतला मोठा, खणखणीत घेतील. त्यांनी शेवटचा घेतला. इंदूरला जायच्या आदल्या दिवसाचा. 'उद्या मंडीत नाही जाऊन रायलो, जरा काम हाये,' तो. त्यातलं 'मयूर' एकदम हळू आहे.

त्याचं बटण त्यांनी पहिल्या ओळीत लावून घेतलं, चहाच्याही आधी. सकाळी ओट्यावर बसले की एकदा दाबतात, आणि दुपारी, पूर्वी तुला मेसेज पाठवायचे त्या वेळेला, एकदा. मग थोडा वेळ थांबतात. चहाचं बटण दाबलं की चहा येतो. पाण्याचं दाबलं की पाणी येतं. 'वैजयंती' दाबलं की मी भाजी टाकून धावत येते. या एकाच बटणाने काही होत नाही. मी माझा सगळा कोड पुन्हा तपासला, चूक इकडे नाही. तुझ्याकडे बघ.

होळीला सुट्टी असेलच. गायत्रीला घेऊन ये.

पत्राच्या शेवटी अण्णांचे आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी लिहीत नाही. त्याचं बटण तयार आहे, पण माणूस समोर उभा राहिल्याशिवाय ते दाबत नाहीत.

तुझी,
ताई